हेबर-बॉशमधला बॉश कोण, आणि त्याने नक्की केलं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे की केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला व्हायवात विचारलं, नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया बनवायची हेबर-बॉश पद्धत जर फ्रिट्झ हेबर या जर्मन केमिस्टने शोधली तर बॉशचं नाव का जोडतात, त्याने सांगितलं "सर त्याने स्केल-अप केलं", सर म्हणाले म्हणजे काय केलं, मोठं भांडं घेतलं का? पोरगं गप्प. शिवाय त्याला हेही जाणून घ्यायचंय की स्पार्क प्लगवाला बॉश तो हाच का.

स्पार्क प्लगचं आधी संपवून टाकतो. तो नाही. स्पार्क प्लगवाला रॉबर्ट बॉश, स्टुटगार्टचा, तो आपल्या बॉशचा सख्खा काका. आपला तो कार्ल बॉश, जन्म २७ ऑगस्ट १८७४, कोलोन.

आता मुख्य गोष्ट. मी अमोनिया-युरियाच्या प्लांटमध्ये तीस वर्षांच्या वर काढलीत, शिफ्ट केली, शटडाऊन केले, रात्री दोनला कन्व्हर्टरचं, म्हणजे ज्या भांड्यात अमोनिया तयार होतो त्याचं, टेम्परेचर पडतंय म्हणून घरून बोलावणंही आलं, त्यामुळे मी थोडा बॉशच्या पार्टीचा आहे हे आधीच सांगतो. हेबर मोठाच, वाद नाही, पण हेबरची वस्तू टेबलावर मावत होती आणि जोपर्यंत वस्तू टेबलावर मावते तोपर्यंत स्टील तुम्हाला त्रास देत नाही. बॉशचं सगळं आयुष्य त्या स्टीलच्या त्रासात गेलं.

त्याच्या बापाचा कोलोनला नळ आणि गॅसच्या फिटिंगचा धंदा होता. म्हणजे पोरगं पाइप, आटे, वायसर हे बघतच मोठं झालं. शाळा संपल्यावर सरळ कॉलेजला न जाता वर्षभर एका लोखंडाच्या कारखान्यात हाताने काम केलं, मग बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला मेटलर्जी आणि मेकॅनिकल, आणि नंतर कुठे लायप्झिगला केमिस्ट्री, १८९८ला डॉक्टरेट. हा क्रम लक्षात ठेवा, कारण त्या काळात जर्मनीत केमिस्ट म्हणजे काचेची भांडी आणि पांढरा कोट, मशिनला हात लावणारा वेगळा माणूस. बॉश दोन्ही होता. १८९९ला लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रंग-रसायनांच्या कंपनीत लागला आणि पहिलं काम मिळालं ते नीळ बनवायच्या खात्यात, रुडॉल्फ क्निट्शच्या हाताखाली.

इथे आपला एक धागा आहे. बीएएसएफने १८९७ला कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि त्या एका मालाने बिहार-बंगालमधली निळीची शेती बसली, चंपारणच्या शेतकऱ्यांवर मळेवाल्यांनी जो भुर्दंड टाकला त्याच्या मागे निळीचा पडलेला भाव हे एक मोठं कारण होतं, गांधीजी १९१७ला तिथे गेले ते त्याच भानगडीत. आणि निळीतून आलेला पैसा बीएएसएफने ज्या नवीन जुगारात लावला तो म्हणजे हवेतला नायट्रोजन बांधणं, म्हणजे त्याचं अमोनियासारखं वापरण्याजोगं संयुग करणं. खतासाठी तेव्हा जगाची मोठी भिस्त चिलीच्या वाळवंटातल्या सॉल्टपीटर या नायट्रोजनवाल्या खनिज क्षारावर होती, जहाजं भरभरून युरोपला जायचं, आणि ते कधीतरी संपणार हे सगळ्यांना दिसत होतं.

१९००चा एक किस्सा मी नवीन ट्रेनींना नेहमी सांगायचो. विल्हेल्म ओस्टवाल्ड, म्हणजे त्या काळातला फिजिकल केमिस्ट्रीचा देव, त्याने बीएएसएफला कळवलं की मी लोखंडावरून नायट्रोजन आणि हायड्रोजन सोडून अमोनिया बनवला, ही पद्धत विकत घ्या. कंपनीने तपासायला दिलं ते नुकत्याच लागलेल्या पंचविशीतल्या बॉशला, जो दोन वर्षांपूर्वी ओस्टवाल्डच्याच युनिव्हर्सिटीतून बाहेर पडलेला. बॉशने परत परत करून बघितलं आणि सांगितलं की अमोनिया येतोय तो हवेतल्या नायट्रोजनमधून नाही, तुमच्या लोखंडातच आधीपासून नायट्रोजन बसलेला होता तो हायड्रोजनने बाहेर येतोय, तो संपला की अमोनिया बंद. ओस्टवाल्ड जाम भडकला, नवख्या पोराला काम दिलं की असंच होणार असा त्याचा सूर होता. पण पोरगं बरोबर होतं आणि ओस्टवाल्डला पेटंटचा अर्ज मागे घ्यावा लागला. साहेब कितीही मोठा असला तरी ब्लँक रन, म्हणजे मुख्य माल न घालता तपासणीची फेरी, घ्यायचाच, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, या किस्स्याने शिकवलं.

मग मधली काही वर्षं बॉशने सायनाइड आणि नायट्राइडच्या वाटेने नायट्रोजन बांधायचा प्रयत्न केला, त्यात फार काही हाती लागलं नाही, सोडून देऊ.

१९०९. हेबर कार्ल्सरूहला, त्याच्याबरोबर रॉबर्ट ल रोसिन्योल नावाचा इंग्रज मदतनीस, ज्याच्या हातात खरी जादू होती आणि ज्याचं नाव कुणी घेत नाही. त्यांनी बीएएसएफला सांगितलं की १००च्या वर अ‍ॅटमॉस्फिअर प्रेशर आणि ५००-६०० डिग्री लागेल. कंपनीतले लोक हबकले, कारण तेव्हाच्या कारखान्यात सातआठ अ‍ॅटमॉस्फिअरचं भांडंही फुटायचं. डायरेक्टर ब्रुंकने बॉशला विचारलं आणि बॉश म्हणाला की स्टीलवाले काय करू शकतात ते मला माहितीये, धोका घेऊन बघायला हरकत नाही. स्टीलच्या कारखान्यात घाम गाळलेला केमिस्ट त्या खोलीत एकच होता, म्हणून हे वाक्य निघालं असं माझं मत.

२ जुलै १९०९ला डेमो ठरला. बॉश आणि कॅटॅलिस्टवाला (कॅटॅलिस्ट म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) आल्विन मिटाश दोघं गेले. सुरू करायला गेले तर हाय प्रेशरच्या भागातला एक बोल्ट तुटला! दुरुस्तीला वेळ लागणार म्हणून बॉश दुसऱ्या कामाला निघून गेला, मिटाश थांबला आणि त्याने काचेच्या नळीत अमोनिया थेंब थेंब जमताना डोळ्यांनी पाहिला. म्हणजे ज्याच्या नावाने प्रोसेस ओळखली जाते तो माणूस त्या ऐतिहासिक क्षणाला हजरच नव्हता, मला हे फार आवडतं, प्लांटमध्ये पण असंच होतं, चार दिवस थांबलेला माणूस चहाला गेला की तेवढ्यात लाइट-अप होतो.

तर त्या टेबलावर तासाला साधारण ८० ग्रॅम अमोनिया निघत होता. पुढे काय काय अडलं?

पहिलं कॅटॅलिस्ट. हेबरचा होता ऑस्मियम. जगात मिळेल तेवढा ऑस्मियम बीएएसएफने विकत घेतला तरी तो भरला १०० किलोच्या आसपास, त्यावर धंदा चालत नाही. दुसरा युरेनियम, तो पाणी-ऑक्सिजनने लगेच मरायचा. मिटाशने मग छोट्या छोट्या रिअ‍ॅक्टरची रांग लावली आणि जे सापडेल ते टाकून बघायला लागला, १९१२च्या सुरुवातीपर्यंत अडीच हजार प्रकारच्या मालावर साडेसहा हजार टेस्ट. शुद्ध लोखंड चालत नव्हतं आणि स्वीडनच्या गेलिवारेचं एक खनिज मॅग्नेटाइट मात्र मस्त चालायचं, का ते कळेना, मग लक्षात आलं की त्यातली घाणच काम करतेय. अ‍ॅल्युमिना आणि पोटॅश थोडं थोडं मुद्दाम घातलं आणि झालं. आजही ट्रॉम्बे असो, थळ असो की जगात कुठेही असो, बहुतेक कन्व्हर्टरमध्ये जे काळे खडे भरलेले असतात ते मुळात मिटाशचंच लोखंड आहे. भरताना त्याची बारीक काळी पूड नाकात जाते, दोन दिवस रुमाल काळा.

आता दुसरी अडचण आणि हीच खरी उत्तराची जागा आहे.

१९११ला मोठ्या नळ्या लावल्या. चांगल्या कार्बन स्टीलच्या, जाड, हिशोबाने प्रेशरला कितीतरी पुरून उरतील अशा. बाहेरून गॅसने तापवायच्या. शहाणपण एवढं केलं होतं की त्या काँक्रीटच्या कोठडीत ठेवल्या होत्या. साधारण ८० तास चालल्या आणि फुटल्या. आता इथे नव्वद टक्के लोक म्हणाले असते जाडी वाढवा. बॉशने फुटलेली नळी कापली, तुकडा घासून पॉलिश केला आणि मायक्रोस्कोपखाली धरला, रंग बनवणाऱ्या कंपनीत स्टील बघायची लॅब उभी केली त्याने. दिसलं काय, तर आतल्या बाजूने स्टीलमधला पर्लाइट गायब. पर्लाइट म्हणजे स्टीलमधला कार्बन जिथे असतो तो भाग, ज्याच्यामुळे स्टीलला ताकद येते. हायड्रोजन त्या तापमानाला धातूत घुसत होता, कार्बनला धरून मिथेन बनवत होता, मिथेन बाहेर पडू शकत नाही, दाण्यांच्या मधे अडकून प्रेशर करतो, बारीक चिरा, आणि ही चीर आतून बाहेर सरकत जाते. म्हणजे जाडी दुप्पट केली असती तर काय झालं असतं? जास्त तास चालून जास्त जोरात फुटली असती, एवढंच.

मग पेच असा की कार्बन असेल तर हायड्रोजन खाणार आणि कार्बन नसलेलं मऊ लोखंड घेतलं तर ते प्रेशर झेलणार नाही. बॉशने दोन्ही कामं वेगळी केली. आत मऊ लोखंडाची पातळ नळी, तिला हायड्रोजनने खाण्यासारखं काही नाही. बाहेर जाड स्टील, ते फक्त प्रेशर झेलणार. पण हायड्रोजनचा अणू इतका छोटा की मऊ लोखंडातूनही झिरपतोच आणि परत बाहेरच्या स्टीलला गाठतो. तर त्याने आतल्या नळीच्या पाठीवर खाचा पाडल्या आणि बाहेरच्या स्टीलला सरळ बारीक बारीक भोकं पाडली, आरपार! झिरपलेला हायड्रोजन खाचेतून भोकाशी येतो आणि हवेत निघून जातो, त्याला प्रेशरच राहत नाही, आणि प्रेशर नाही म्हणजे स्टीलवर हल्ला नाही. विचार करा, २०० अ‍ॅटमॉस्फिअरच्या भांड्याला मुद्दाम भोकं पाडा असं सांगणारा माणूस, मी असतो तर त्याला मेडिकलला पाठवला असता. गॅसचं नुकसान नगण्य. जर्मनीत त्यांना बॉशची भोकंच म्हणतात.

मी ट्रेनी असताना युरिया रिअ‍ॅक्टरवर पहिल्याच आठवड्यात सीनियरने मला शेलवरची, म्हणजे बाहेरच्या जाड स्टीलच्या कवचावरची, भोकं दाखवली होती, आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. काम थोडं वेगळं, तिथे आतलं स्टेनलेसचं अस्तर, म्हणजे लायनर, गळला तर आधी भोकातून कळावं म्हणून ती असतात, पण घराणं तेच. प्रत्येक शिफ्टला फिनॉल्फथॅलिनचा (अमोनिया लागला की गुलाबी होणारं रसायन) ओला कागद भोकाशी धरायचा, गुलाबी झाला की पळायचं. एका शटडाऊनमध्ये रंगारी लोकांनी रिअ‍ॅक्टरला असा झकास अ‍ॅल्युमिनियम पेंट मारला की भोकं दिसेनात, काही ठिकाणी तर पोरांनी खड्डा समजून लांबी (पुट्टी) भरली होती, काय बोलणार. सीनियरने ड्रॉइंग काढून एकेक भोक मोजलं, दोन फिटर दीड दिवस तारेने ती मोकळी करत बसले, सगळे वैतागलेले की एवढ्याशा भोकासाठी स्टार्टअप थांबवला. तीन आठवड्यांनी त्यातल्याच एका भोकाला कागद गुलाबी झाला. प्लांट नीट थांबवला, लायनरच्या वेल्डमध्ये टाचणीएवढं छिद्र निघालं. ते भोक बंद असतं तर आतल्या आत शेल खाल्लं गेलं असतं आणि आम्हाला पत्ता नसता. तेव्हापासून बॉश माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही.

हल्ली अमोनिया कन्व्हर्टरला तशी नळीत नळी नसते, क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमवालं) स्टील आलं, आत वेगळी बास्केट असते आणि गार गॅस शेलच्या कडेने फिरवतात. कुठलं स्टील किती तापमानाला आणि किती हायड्रोजनला चालेल याचे नेल्सनचे कर्व्ह आम्ही भिंतीला लावलेले असायचे. पण ते कर्व्ह ज्या दुखण्यासाठी आहेत ते दुखणं मुळात १९११ला कापलेल्या त्या नळीत दिसलं होतं.

बाकीच्या अडचणींची यादी केली तर रात्र जाईल. बाहेरून तापवणं बंद करून आत तापवायचं होतं तर बॉशने हायड्रोजनच्या गॅसमध्ये थोडी हवा सोडून आतच ज्योत पेटवली, म्हणजे आपल्या शेगडीच्या उलटं, इथे जळणाच्या पोटात हवा जळते. प्रेशर गेजमधली पितळ-तांब्याची नळी अमोनिया खातो म्हणून स्टीलची गेज बनवावी लागली. कॉम्प्रेसर होते ते चार तास चालले की ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) गळायला लागायचे, हायड्रोजनची गळती म्हणजे काय ते सांगायला नको. फ्रान्झ लाप्पे नावाचा इंजिनिअर त्याच्याबरोबर होता, व्हॉल्व्ह, फ्लँज, पॅकिंग ही सगळी फौज त्यांनी शून्यातून उभी केली. आणि हायड्रोजन आणायचा कुठून? कोळशावर वाफ सोडून वॉटर गॅस, त्यातला कार्बन मोनॉक्साइड वाफेबरोबर आयर्न-क्रोमच्या कॅटॅलिस्टवर घालून आणखी हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड प्रेशरच्या पाण्याने धुवायचा, उरलासुरला मोनॉक्साइड तांब्याच्या द्रावणाने. आज प्लांटच्या फ्लोशीटवर जी शिफ्ट कन्व्हर्जन, म्हणजे मोनॉक्साइड-वाफेची हीच पायरी, दिसते ती यांचीच, आपण कोळशाऐवजी नॅचरल गॅस घेतो एवढंच.

७ मे १९१२ला लुडविग्सहाफेनशेजारी ओप्पाऊला पाया खणला आणि ९ सप्टेंबर १९१३ला प्लांट चालू, दिवसाला ३० टनांच्या हिशोबाने. हेबरच्या टेबलापासून चार वर्षं दोन महिने. आजच्या काळात एवढ्यात पर्यावरणाची मंजुरी मिळाली तरी पेढे वाटतील.

आता जे चांगलं नाही तेही सांगायला पाहिजे, नाहीतर उत्तर अर्धवट. वर्षभरात महायुद्ध लागलं, चिलीचा सॉल्टपीटर बंद झाला, आणि दारूगोळ्याला नायट्रिक अ‍ॅसिड हवं. सप्टेंबर १९१४ला बॉशने सरकारला शब्द दिला की अमोनियापासून करून देतो, मे १९१५ला ओप्पाऊत ते सुरूही झालं, आणि लोइनाला दुसरा अवाढव्य प्लांट मे १९१६ला बांधायला घेतला तो एप्रिल १९१७ला अमोनिया द्यायला लागला. अकरा महिने! इंजिनिअर म्हणून तोंडात बोट जातं आणि त्याच वेळी माहिती असतं की हे नसतं तर जर्मनीचं युद्ध इतकं लांबलं नसतं.

आणि २१ सप्टेंबर १९२१, सकाळी साडेसात. ओप्पाऊच्या सायलोत अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटच्या मिश्र खताचा साधारण साडेचार हजार टनाचा ढीग. खत ओल धरून दगड होतं, आपल्याकडे पावसाळ्यात गोणी होते तसं, आणि ते फोडायला तिथे चक्क डायनामाइटचे छोटे बार लावायचे. असे वीस हजारांच्या आसपास बार आधी उडवले होते, काही झालं नाही. त्या दिवशी ढिगाचा साधारण दहावा हिस्सा उडाला. पाचशेहून जास्त माणसं गेली, दोन हजार जखमी, गावातली ८० टक्के घरं राहण्यालायक उरली नाहीत, जिथे सायलो होता तिथे सव्वाशे मीटर लांबीचा खड्डा. नक्की कारण चौकशीत सिद्ध झालं नाही, मालाची सुकवायची पद्धत बदलली होती ही मोठी शंका. आधी वीस हजार वेळा चाललं म्हणून सेफ आहे, हे वाक्य मी आमच्याकडे टूलबॉक्स मीटिंगमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की काटा येतो. बॉश तेव्हा कंपनीचा प्रमुख होता, शोकसभेत तो बोलला आणि त्यानंतर आजारी पडून बरेच दिवस कामावर येऊ शकला नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९२३ला लोइनात हाय प्रेशरने मिथेनॉल, १९२५ला सगळ्या मोठ्या जर्मन केमिकल कंपन्या मिळून आयजी फार्बेन, बॉश तिचा पहिला प्रमुख, मग बर्गियसच्या पद्धतीने कोळशापासून पेट्रोल, त्यात पैसा अमाप बुडाला. १९३१ला बर्गियसबरोबर केमिस्ट्रीचं नोबेल, हाय प्रेशरच्या कामासाठी, म्हणजे कारखान्यातल्या कामाला नोबेल, हे तेव्हा नवीनच होतं.

आणि मग हिटलर. १९३३च्या निवडणुकीला आयजी फार्बेनने नाझींना ४ लाख मार्क दिले, डिसेंबरमध्ये सरकारशी करार करून लोइनाच्या पेट्रोलला भावाची हमी मिळवली. ते बॉशच्याच कारकिर्दीत. त्याच माणसाने हिटलरला तोंडावर सांगितलं म्हणतात की ज्यू शास्त्रज्ञांना हाकललंत तर जर्मनीचं फिजिक्स-केमिस्ट्री शंभर वर्षं मागे जाईल, आणि १९३५च्या जानेवारीत हेबरच्या, म्हणजे नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या आणि परदेशात वारलेल्या ज्यू वंशाच्या हेबरच्या, स्मृतिसभेला सरकारची मनाई असताना हजर राहिला. दोन्ही खरं आहे, मला याची बेरीज करता येत नाही. शेवटी शेवटी दारू, डिप्रेशन, १९३९ला म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये प्यालेल्या अवस्थेत सरकारला टोचणारं भाषण केलं आणि बरीच पदं गेली. २६ एप्रिल १९४०ला हायडेलबर्गला वारला. आयजी फार्बेनने ऑशविट्झला कारखाना काढला तो त्याच्या मागून, पण ती कंपनी उभी केली ती यानेच. घरी मात्र किडे, फुलपाखरं, खनिजं यांचे प्रचंड संग्रह आणि स्वतःची दुर्बीण, माणसांपेक्षा भुंग्यांमध्ये जास्त रमायचा असं दिसतं.

तर व्हायवात सरांनी परत विचारलं तर स्केल-अप हा शब्द तोंडातून काढूच नकोस. सांग की सर, त्याने फुटलेली नळी कापून बघितली आणि मग नवीन नळीला भोकं पाडली. सर पुढचा प्रश्न विचारतीलच, भोकं कशाला, तेव्हा पर्लाइटपासून सुरू कर, आणि मेटलर्जीचा तो पेपर ऑप्शनला टाकू नकोस.